दरमाणशी

मी पेणच्या एका शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. दरवर्षी न चुकता 'उत्सर्जन संस्था' हा धडा घेतला. मूत्रपिंड, मूत्राशय, घामाच्या ग्रंथी, सुबक आकृती काढून भागांना नावे द्या. एवढं असूनही निवृत्तीनंतर आमच्या चर्चसाठी प्रश्नावली तयार करताना मी पहिल्याच ओळीत ठळक अक्षरात लिहिलं, 'रविवारचे आपल्या कुटुंबाचे एकूण उत्सर्जन', आणि पुढे टिंबं दिली. चाळीस प्रती काढल्या, उपासनेनंतर वाटल्या आणि पुढच्या रविवारी गोळा केल्या. माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं टिंबांवर लिहिलं होतं, 'माझं सकाळी एकदा, सर. बाकीच्यांना विचारून सांगतो.' चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एका वृद्ध गृहस्थांनी मात्र प्रश्न गांभीर्यानं घेतला होता. चर्चच्या आवारात एकच संडास आहे, बायकांसाठी वेगळा हवा, असं त्यांनी पाठच्या बाजूला पानभर लिहिलं होतं. मागणी रास्त होती. दोन महिन्यांत तो संडास बांधून झाला. चर्चचा कार्बन मोजण्याच्या माझ्या कामाचं ते पहिलं फळ.

हे काम मी मागून घेतलेलं नव्हतं. मुख्य कचेरीतून सगळ्या चर्चना पत्र आलं होतं. दिवे, पंखे, जनरेटर, येणंजाणं, या सगळ्यातून आपलं चर्च हवेत किती कार्बन सोडतं ते मोजा आणि वर्षभरात कमी करा. पत्रात त्याला 'कार्बन पाऊलखूण' असं नाव होतं. आमचे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, तरुण, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी पत्र माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "सर, हे तुमच्या विषयातलं." माणसाला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली की असं कुणी म्हटलेलं बरं वाटतं. मलाही वाटलं.

चर्चच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात त्या गृहस्थांनी दुसऱ्याच दिवशी मला फोन करून बोलावलं. गेलो तर त्यांच्या हातात काळंकुट्ट फडकं. जनरेटरचा सायलेन्सर गॅरेजवाल्याकडून साफ करून घेतला होता.

"सर, हा बघा. सगला कार्बन काढला."

मी म्हटलं, "हा नव्हे. दिसत नाही तो."

त्यांनी आधी फडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दिसत नाय तो काढायचा कसा?"

प्रश्न बरोबर होता. मी त्यांना सांगितलं की आधी मोजायचा.

मोजण्याच्या बाबतीत माझा शाळेत एकच नियम होता. एकक. उत्तर बरोबर असेल, रीत बरोबर असेल, पण पुढे एकक लिहिलं नसेल तर अर्धा गुण गेला. "पाच काय? पाच आंबे की पाच अँपिअर?" हे मी इतक्यांदा विचारलं की मुलं माझ्या माघारी मला 'एकक सर' म्हणायची. मला ते ठाऊक होतं आणि त्याचा थोडा अभिमानही होता.

विजेचं मोजणं सोपं गेलं, बिलावर युनिट छापलेलेच असतात. जनरेटरचं डिझेल, चहाचा गॅस, मेणबत्त्या, तेही जमलं. डोलवीला पोलादाच्या कंपनीत शिफ्ट करणारा एक जण मला म्हणाला, "आमच्या कंपनीच्या एका शिफ्टसमोर हे चर्च म्हणजे उदबत्ती, सर. कशाला डोकं शिणवता?" मी त्याला सांगितलं की वर्गातल्या सगळ्यात ढ मुलाकडे बोट दाखवून कुणी पास होत नाही. तो हसला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, पण मला पत्र चर्चचं आलं होतं, कंपनीचं नव्हे.

गोची झाली ती येण्याजाण्याची. 'उपासनेला कसे येता?' या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येकानं 'चालत' असं लिहिलं होतं. फाटकाबाहेर चिंचेखाली दर रविवारी पाच गाड्या आणि पंधरा-वीस दुचाक्या उभ्या असतात, त्या बहुधा आपापल्या चालत येत असाव्यात. लोकांना वाटलं, हा पापाचा कबुलीजबाब आहे. मग मी सलग दोन रविवार वही घेऊन फाटकाशी उभा राहिलो. पहिल्या रविवारी सगळे नोंदले गेले. दुसऱ्या रविवारी दोन कुटुंबं कोपऱ्यावर गाडी लावून घामाघूम होत चालत आली आणि मला "सलाम, सर" म्हणून पुढे गेली.

सगळ्यात लांबून येणारी मंडळी रोह्याची. तिथे आमचं चर्च नाही, म्हणून चर्चनंच त्यांच्यासाठी जीप लावून दिलेली होती. नऊ माणसं. पुढच्या सीटवर नेहमी नर्सबाई. पंचाहत्तरीच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, दोन्ही गुडघ्यांनी अधू. उपासनेनंतरचा चहा त्यांच्या ताब्यात असे. साखर कमी पडली तर पाळकसाहेबांनाही दुकानात पिटाळायची त्यांची धमक होती. आणि आमच्याकडे एक रीतच पडून गेली होती. घड्याळात साडेदहा वाजले तरी उपासना सुरू होत नसे. बाहेर जीपचा हॉर्न वाजला की पेटीवाला भात्याला हात घालायचा. नवे पाळकसाहेब पहिल्या रविवारी घड्याळाप्रमाणे उभे राहिले आणि पेटीच वाजेना, तेव्हा त्यांना हे कळलं.

दीड महिन्यानं मी निकाल मांडला. उपासना संपल्यावर मुलांच्या रविवारच्या शब्बाथशाळेचा फळा पुढे आणला आणि रंगीत खडूंनी आडव्या पट्ट्या काढल्या. वीज एवढी, जनरेटर एवढा, पेणातल्या गाड्या एवढ्या, माझी गाडी एवढीशी. मी रोह्याच्या उलट बाजूच्या जिते गावात राहतो आणि गाडीनं येतो, म्हणून माझी वेगळी पट्टी काढली होती. प्रामाणिकपणा दाखवायला. सगळ्यात शेवटी फळ्याच्या टोकापर्यंत जाणारी लाल पट्टी काढली आणि तिच्यावर खडू आपटून म्हणालो, "रोहा जीप. दर खेपेला सात लिटर डिझेल. आपल्या चर्चमधला सगळ्यात मोठा वाटा हा."

वर्गात एखादं अवघड गणित सुटलं की जो आवाज लागायचा, तोच लागला होता.

पहिल्या बाकावरून नर्सबाई म्हणाल्या, "म्हंजे आमच्यामुळं?"

मी म्हटलं, "मी नाही म्हणत, बाई. आकडा म्हणतो."

हे वाक्य मी नंतर पुष्कळदा आठवलं आहे. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय. पंचांची बैठक तिथेच बसली. पुढच्या महिन्यापासून जीप बंद, रोहेकरांनी ट्रेननं यावं, असं ठरलं. ट्रेनचा धूर तसाही होणारच आहे, त्यात आपली माणसं बसली तर वेगळा होत नाही, हे मीच त्यांना समजावून दिलं. सकाळची गाडी पेणला उपासनेच्या दोन तास आधी सोडते आणि परतीची दुपार उलटल्यावर मिळते, शिवाय प्रत्येक स्टेशनात जिने आहेत, हे कुणी बोललं नाही. मीही नाही.

बाकी कामं झकास चालली होती. जुन्या ट्यूब काढून नव्या बसवल्या. चर्चच्या खाडीकडच्या खिडक्या कित्येक वर्षं बंदच राहून रंगानं चिकटून बसल्या होत्या, कारण मागेच गणपतींचा कारखाना आहे आणि तिथल्या रंगाच्या फवाऱ्याचा वास आत येई. मी कारखानदाराला भेटायला गेलो. तोही माझा विद्यार्थी निघाला. म्हणाला, "रविवारी बारापर्यंत फवारा बंद ठेवतो, सर. तेवढ्यात हातानं डोळे रंगवून होतील." सुताराला बोलावून खिडक्या उघडल्या. खारा वारा सरळ आत आला आणि आठातले पाच पंखे बंद करता आले. गायनाच्या पुस्तकाची पानं तेवढी उडायला लागली, तर बायकांनी दगड आणून ठेवले.

हॉर्न मात्र वाजेना. पेटीवाला सवयीनं साडेदहाला फाटकाकडे बघायचा, मग पाळकसाहेबांकडे, मग वाजवायला घ्यायचा. रोह्याची आठ माणसं येत होती, कुणी लवकर कुणी उशिरा. नर्सबाई आल्या नाहीत. पहिल्या रविवारी मला वाटलं, येतील पुढच्या. दुसऱ्या रविवारीही तेच वाटलं. चहा आता कुणीही करत होतं आणि तो बेचव होता. त्यांच्या शेजारीणबाई मला म्हणाल्या, "त्या नाय येनार, सर. म्हनतात, देवाच्या दारी जाऊन धूर करनारी बाई म्हनून फल्यावर नाव नको."

फळ्यावर नाव नव्हतं, असं मी म्हणालो.

तीन महिन्यांनी मी पुन्हा मोजलं. वीज घटली होती, जनरेटर निम्म्यावर आला होता. येण्याजाण्याचा आकडा मात्र वाढला होता. मी दोनदा बेरीज केली. मग वहीत रोह्याची पानं काढली आणि उलगडा झाला. ट्रेनच्या वेळा कुणालाच जमत नव्हत्या. आठ माणसं तीन मोटारसायकली आणि एका जुन्या गाडीतून येत होती. जीप खात होती सात लिटर. या चार गाड्या मिळून खात होत्या साडेदहा.

जित्याच्या घरी मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलो होतो. दुपारची गाडी स्टेशनात लागलेली ऐकू आली, घरापासून स्टेशन सात मिनिटांवर आहे. मी नवा रकाना आखला, 'गाडीत किती जण', आणि प्रत्येक ओळीला माणसांनी भागलं. जीप, सात भागिले नऊ, पाऊण लिटरच्या जरा वर. पेणातल्या गाड्या त्याहून कमी, जवळच्याच त्या. शेवटी माझी ओळ. पावणेदोन लिटर भागिले एक.

अख्ख्या चर्चमध्ये सगळ्यात लांब पट्टी माझी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बत्तीस वर्षं पोरांचे अर्धे गुण कापणाऱ्या माणसानं एकक लिहिलं नव्हतं. लिटर काय? लिटर दरमाणशी.

हे विसरलो असतो तर निदान विसरलो म्हणता आलं असतं. खरं तसं नव्हतं. पहिल्या कच्च्या कागदावर हा रकाना मी आखला होता. तो भरताना माझ्या ओळीत 'एक' लिहावं लागलं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिथे दोन लिहिलं असतं. माझी बायको शेजारी बसायची, मांडीवर गायनाचं पुस्तक आणि वर चर्चमधल्या कुणासाठी तरी केलेला डबा, आणि जिते ते पेण सबंध रस्ता मला ब्रेक कधी लावावा ते सांगायची. ती गेली. पेट्रोल तेवढंच लागत राहिलं. कागदावर जागा पुरत नाही असं मी स्वतःला सांगितलं आणि रकाना खोडला. मला तो एक लिहायचा नव्हता. एवढंच कारण होतं, आणि त्यापायी एका म्हाताऱ्या बाईचं चर्च सुटलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. ती अजून पुरती गेलेली नाही.

मी ट्रेननं रोह्याला गेलो. नर्सबाईंचं घर नदीपलीकडे अष्टमीत आहे. त्या ओट्यावर पाय लांब करून वाल सोलत बसल्या होत्या. उठल्या नाहीत. मी नव्या हिशेबाचा कागद पुढे केला. त्यांनी हात पुसून चष्मा लावला आणि सगळा वाचला.

"पोरांचे मार्क कापायचात म्हनं तुम्ही."

"हो."

"मंग तुमचे कोन कापनार?"

मी म्हटलं, "तुम्ही कापा."

त्यांनी कागद घडी करून मला परत दिला. "पाऊलखूण म्हनता ना याला? बावीस वर्षं लशीचा डबा खांद्याला लावून डोंगरावरच्या वाड्या चालले मी. जीप नव्हती तवा कुनाची. हे गुडघे काय चर्चला बसून गेले नाय. ती पावलं कंच्या रकान्यात धरली, मास्तर?"

"तो रकाना नाही, बाई."

"नाय ना."

मी सांगितलं की जीप पुन्हा सुरू होईल, मी फळ्यावर चूक कबूल करीन. त्या म्हणाल्या, "करा सुरू. बाकीच्यांची सोय व्हईल. मी नाय येनार. सगळ्यांम्होरं एकदा मोजलं की मानूस मोजल्यासारखंच बसतं. चहा ओतताना पन वाटंल, कोन बघतंय का."

मग मी त्यांना रकान्याचं खरं कारण सांगितलं. आधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं. वाल सोलणं थांबलं नाही, पण हात हळू झाला. माझी बायको त्यांना दर नाताळला अनारसे द्यायची. "तिचं अनारसं जाळीदार व्हायचं," एवढंच त्या म्हणाल्या आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकला. मी निघताना 'येते' म्हणाल्या नाहीत, 'नाही येत' असंही पुन्हा म्हणाल्या नाहीत.

पुढच्या रविवारी मी फळा पुढे आणला, नव्यानं पट्ट्या काढल्या आणि टोकाला जाणारी लाल पट्टी माझी काढली. लोकांना हा कार्यक्रम फार आवडला. मागून उत्सर्जनवाला विद्यार्थी ओरडला, "सर, अर्धा गुण!" पंचांनी जीप पुन्हा लावायचं ठरवलं. पहिल्या बाकावरची कडेची जागा रिकामीच होती, त्यामुळे मला स्वतःला त्या कार्यक्रमात विशेष गोडी वाटली नाही.

जीप सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी जित्याहून ट्रेननं रोह्याला गेलो आणि एका जुन्या शिक्षकमित्राकडे मुक्काम केला. सकाळी जीपमध्ये मागच्या आडव्या बाकावर बसलो, गुडघे हनुवटीला. आठ ते आणि मी. ड्रायव्हरनं सवयीनं अष्टमीत जीप घातली, नर्सबाईंच्या दारासमोर उभी केली आणि हॉर्न वाजवला. कुणी आलं नाही. त्यानं पुन्हा वाजवला. त्या घरातल्याच साडीत दारात आल्या आणि जीपमध्ये वाकून बघायला लागल्या. मी दिसलो.

"जित्याहून हितं, न् हितनं पेनला? हा कंचा उलटा फेरा, मास्तर?"

"ट्रेन तशीही येणारच होती," मी म्हटलं.

"किती जन झालेत?"

"मी धरून नऊ."

"मंग झालं की. माझ्याबिगर भागतंय."

मी खाली उतरलो. दारापाशी गेलो. मी म्हटलं, "बाई, सात लिटर लागणारच आहेत. तुम्ही घरी राहिलात तर ते नऊ जणांत वाटायचे. तुम्ही आलात तर दहा जणांत. तुमच्यामुळं कमी होतं."

"आमच्यामुळं?"

"तुमच्यामुळं. आणि हे आकडा म्हणत नाही. मी म्हणतोय."

त्यांनी दाराला धरून पुढच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "थांबा. साडी बदलून येते," आणि आत गेल्या. आम्ही वीस मिनिटं थांबलो. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, ते मी पाहून ठेवलं.

पुढच्या सीटवर चढताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि सगळा भार टाकला. बसल्यावर मागे वळून बोटानं एकेकाला मोजलं. माझ्याकडे बोट आलं तेव्हा नऊ म्हणाल्या, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून दहा. "चल रे आता." पेणला पोचायला अकरा वाजले. फाटकाशी ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि आतून पेटी सुरू झाली. तोवर कुणी उपासना सुरू केली नव्हती.

संध्याकाळी घरी आल्यावर मी वही काढली. माझ्या नावापुढे 'गाडीत किती जण' या रकान्यात लिहिलं, दहा. लिहून झाल्यावर दिवा न लावता बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो, दिसेनासा होईपर्यंत.